वीजदराची सुनावणी, मसुदा नियम, जीएसटी: लहान कारखान्यांच्या संघटनेनं म्हणणं नेमकं कुठे आणि कसं मांडायचं?

वसाहत_सचिव

तालुक्याच्या एमआयडीसीतल्या लहान कारखान्यांची संघटना आहे, सभासद १४०. फॅब्रिकेशन, प्लास्टिक मोल्डिंग, पावडर कोटिंग, दोन-तीन फाउंड्र्या, कोरुगेटेड बॉक्सवाले, मसाले. दहा-बारा जण उच्चदाबावर, बाकी सगळे लघुदाब जोडणीवाले.

आजवरची पद्धत अशी: मंत्री आले की शाल, श्रीफळ आणि एक निवेदन. त्यात वीजदर, जीएसटी, रस्ते, पाणी, कामगार कायदे, सगळं एकत्र. उत्तर आलंच तर "आपले निवेदन पुढील कार्यवाहीसाठी अग्रेषित करण्यात आले आहे" एवढंच.

आता नीट करायचं ठरवलंय. टीओडीचे (दिवसातल्या वेळेनुसार वीजदर कमी-जास्त करण्याच्या पद्धतीचे) तास बदलल्यापासून रात्रपाळीवाल्यांची बिलं वाढली आहेत, म्हणून वीज हा पहिला विषय. वीज आयोगापुढे जायचं तर वकील लागतो का? आकडे कोणते आणि किती जणांचे जमवायचे? मोठ्या चेंबरमार्फत जावं की स्वतः? आणि वीज सोडून बाकीच्या विषयांचं काय? जाणकारांनी तपशिलात सांगावं.

---

बिलवाचक

आधी ते एकत्र निवेदन बंद करा. पाच खात्यांचं पत्र कुठल्याच खात्याचं नसतं. ते फक्त अग्रेषित होत राहतं.

वीजबिल समोर ठेवा आणि प्रत्येक ओळीपुढे लिहा की ही ओळ कोण ठरवतो. स्थिर किंवा मागणी आकार, ऊर्जा आकार, वहन आकार, टीओडीची सूट-अधिभार हे महाराष्ट्र विद्युत नियामक आयोग ठरवतो. विद्युत शुल्क महाराष्ट्र विद्युत शुल्क अधिनियम, २०१६ खाली राज्य सरकार लावतं, आयोगाचा त्याच्याशी संबंध नाही. एखाद्या वर्गाला सवलतीची वीज द्यायची तर विद्युत कायदा २००३ च्या कलम ६५ नुसार सरकारनं ते पैसे वितरण कंपनीला (आपल्याकडे महावितरणला) आगाऊ द्यायचे असतात, म्हणजे तेही मंत्रालयाचं काम. सुनावणीत लोक तावातावानं विद्युत शुल्कावर बोलतात आणि मिळालेली चार मिनिटं वाया घालवतात.

प्रक्रिया कलम ६४ ची आहे. कंपनी याचिका दाखल करते, ती वर्तमानपत्रांत जाहीर होते, हरकती-सूचना येतात, सुनावण्या होतात आणि याचिका आल्यापासून १२० दिवसांत आयोगानं आदेश द्यायचा असतो. तुमच्या हातात त्यातले साधारण तीनच आठवडे येतात. याचिका शेकडो पानांची असते, पण कार्यकारी सारांश मराठीतही मिळतो. सगळी वाचत बसू नका. दररचनेचं प्रकरण, वर्गवार सध्याचे आणि प्रस्तावित दर, आणि विक्रीचा अंदाज एवढं पुरे.

वकील लागत नाही. मराठीत लिहिता येतं, मराठीत बोलता येतं. आयोगाच्या संकेतस्थळावर ई-पब्लिक कन्सल्टेशनमधून हरकत नोंदवायची, नाव, पूर्ण पत्ता, फोन, ईमेल द्यायचा आणि सुनावणीत बोलायचं आहे हे तिथेच स्पष्ट लिहायचं. महावितरणच्या सुनावण्या पुणे, नाशिक, नागपूर, अमरावती, छत्रपती संभाजीनगर अशा विभागीय ठिकाणी होतात, प्रत्येक वेळी मुंबई गाठावी लागत नाही.

लिहायचं कसं ते आदेश वाचून कळेल. मागचा एखादा आदेश उघडा. त्यात हरकतींचं वेगळं प्रकरण असतं: मुद्दा, त्यावर कंपनीचं उत्तर, मग आयोगाचं मत. तुमचा मुद्दा त्या साच्यात उचलून ठेवता आला पाहिजे. म्हणून एका क्रमांकाखाली एकच मुद्दा, याचिकेतला पान किंवा परिच्छेद क्रमांक, दोन ओळीत हरकत, तक्ता, आणि शेवटी मागणी. "लघुउद्योगांचे कंबरडे मोडले आहे" अशा वाक्यावर कंपनी काय उत्तर देणार? "नोंद घेतली."

आणि "आम्ही लहान आहोत म्हणून दर कमी करा" हे लिहू नका. कलम ६२(३) सांगतं की आयोग ग्राहकाग्राहकांत भेद कशावर करू शकतो: भारांक, पॉवर फॅक्टर, व्होल्टेज, एकूण वापर, पुरवठ्याची वेळ, भौगोलिक स्थान, पुरवठ्याचं स्वरूप आणि प्रयोजन. उद्योग लहान की मोठा हे त्या यादीत नाही. तेव्हा लहानपणाची अडचण वापर, वेळ किंवा व्होल्टेज यांच्या भाषेत आणून मांडावी लागते. दुसरा आधार क्रॉस सबसिडीचा, म्हणजे एका वर्गाकडून जादा दर घेऊन दुसऱ्याला स्वस्त वीज देण्याचा: कलम ६१(छ) ती कमी करत नेण्याचं सांगतं, आणि वीजदर धोरण २०१६ मध्ये दर सरासरी पुरवठा खर्चाच्या अधिक-उणे २० टक्क्यांत असावा असं आहे. तुमच्या वर्गाचा सरासरी देयक दर भागिले सरासरी पुरवठा खर्च हा आकडा याचिकेतच सापडतो. तो १.२० च्या वर असेल तर तो तुमचा पहिला मुद्दा.

---

बिलवाचक

टीओडीचा तक्ता वेगळा लिहितो, कारण बहुतेक संघटना इथेच चुकतात.

जून २०२५ पर्यंतच्या बिलांत चार झोन होते. ए: रात्री १० ते सकाळी ६, युनिटला १.५० रु. सूट. बी: ६ ते ९ आणि १२ ते १८, शून्य. सी: ९ ते १२, ८० पैसे जादा. डी: १८ ते २२, १.१० रु. जादा. १ जुलै २०२५ पासून लागलेल्या रचनेत सकाळी ९ ते संध्याकाळी ५ सौर तास म्हणून सूट, ५ ते मध्यरात्री १२ अधिभार आणि रात्रीची सूट गेली. जुन्या बिलांवरून नवा फरक काढायला गेलं की अडतं ते इथे: ए झोनमधले १० ते १२ चे युनिट आणि बी झोनमधले ५ ते ६ चे युनिट बिलावर वेगळे दिसतच नाहीत. त्यासाठी मीटरचा एमआरआय डेटा, म्हणजे लोड प्रोफाइल (मीटरमधली वेळेनुसार वापराची नोंद), महावितरणच्या उपविभागाकडे लेखी मागावा लागतो. आठ तासांचा चौथा हिस्सा धरून १० ते १२ चा अंदाज बांधू नका, पाळी १२ ला सुटत असेल तर बहुतेक युनिट त्या दोन तासांतच असतात.

उदाहरणादाखल महिना २०,००० युनिटवाला घटक धरा. ऊर्जा आकार ८ रु., अधिभार २० टक्के, दिवसाची सूट १५ टक्के असं समजू (तुमच्या वर्गाचे खरे दर आदेशातून घ्या). रात्री १० ते ६ चे युनिट ८,०००: सूट गेली, १२,००० रु. वाढ. त्यातले १० ते १२ चे २,०००: १.६० प्रमाणे आणखी ३,२००. संध्याकाळी ६ ते १० चे ३,०००: १.१० चे १.६० झाले, १,५०० वाढ. संध्याकाळी ५ ते ६ चे ७००: १,१२० वाढ. आता उलट बाजू. ९ ते ५ चे ६,०००: १.२० प्रमाणे ७,२०० घट. त्यातले ९ ते १२ चे २,५००, त्यांचा जुना ८० पैशांचा अधिभार गेला: २,००० घट. सकाळी ६ ते ९ च्या २,३०० युनिटना फरक नाही. निव्वळ वाढ ८,६२० रु.

नुसते रात्री १० ते ६ चे १५,२०० दाखवायचा मोह होतो. दाखवू नका. कंपनी एका ओळीत दिवसाच्या सुटीकडे बोट दाखवेल आणि तुमचा सगळा तक्ता संशयास्पद ठरेल.

मागणी दोन पायऱ्यांची ठेवा. पहिली: रात्री १२ ते ६ ची सूट परत द्या. ती नाही तर दुसरी: लघुदाब उद्योगांसाठी १० ते १२ हे दोन तास अधिभारातून काढा. दोन्हींपुढे महसुलावर काय फरक पडतो ते लिहा: याचिकेतली तुमच्या वर्गाची विक्री, गुणिले तुमच्या नमुन्यातली त्या तासांची टक्केवारी, गुणिले दरातला फरक. तूट कुठून भरून काढायची, हा प्रश्न येणारच. संध्याकाळची वीज महाग पडते हे कंपनीचं म्हणणं खोटं नाही, त्याला वळसा घालून पुढे जाता येत नाही. त्याऐवजी हे दाखवा की कुठलं काम दिवसा हलवता येतं आणि कुठलं नाही. पावडर कोटिंगचं ओव्हन एकदा तापलं की सलग चालवावं लागतं. फाउंड्रीचं मेल्टिंग रात्री गेलं ते याच जुन्या सुटीमुळे, आणि ते दिवसा आणायचं तर मोल्डिंगची जागा आणि माणसं दोन्ही त्याच पाळीत लागतात. हे एका पानात मांडता येतं.

---

मागवाला

वरच्या प्रतिसादाला अनुमोदन, एक भर घालून. चेंबर की स्वतः, हा प्रश्न बाजूला राहिला.

महाराष्ट्र चेंबर, पुण्याची मराठा चेंबर, नाशिकची निमा, विदर्भ इंडस्ट्रीज असोसिएशन, लघु उद्योग भारती अशा संस्थांकडे वीज विषयाची माणसं असतात, त्यांचा मसुदा मागून घ्या, त्यातली आकडेमोड वापरा. पण हरकत स्वतःच्या लेटरहेडवर स्वतंत्र टाका. कारण साधं आहे. मोठ्या सभासदांचा जीव ओपन ॲक्सेसमध्ये असतो. एरवी १ मेगावॉट आणि हरित विजेसाठी २०२२ च्या केंद्रीय नियमांनी १०० किलोवॉटच्या वर गेलात की बाहेरून वीज घेता येते, त्यामुळे त्यांना क्रॉस सबसिडी अधिभार, बँकिंगचे नियम, ग्रिड सपोर्टचे आकार हे विषय जवळचे. ४० किलोवॉटवाल्याला त्यातलं काही लागू नाही. त्याचा प्रश्न स्थिर आकाराचा आणि टीओडीचा. चेंबरच्या ६० पानी निवेदनात तो शेवटून दुसऱ्या पानावर येतो. कुणाची लबाडी नसते यात, वर्गणी कोण किती भरतं त्याचा हा हिशेब.

"आमच्या मुद्द्यांना पाठिंबा" असं एकाच छापाचं पत्र १४० जणांच्या सह्यांनी पाठवायची टूमही असते. आयोगापुढे त्याला एका हरकतीइतकीच किंमत. मंत्र्यांपुढे मात्र सह्या चालतात. जिथं जे चालतं तिथं ते.

यंत्रमागाचं उदाहरण पाहण्यासारखं आहे. इचलकरंजी, मालेगाव, भिवंडी, विट्याच्या माणसांनी आयोगाकडून यंत्रमागाला वेगळी वर्गवारी मिळवली ती वापराच्या स्वरूपावर. वरची सवलत मात्र सरकारच्या अनुदानातून, वस्त्रोद्योग विभागाच्या निर्णयानं, आणि ती २७ अश्वशक्तीच्या खाली-वर अशी विभागलेली. म्हणजे दोन दारं, दोन कागद. अनुदानाला नोंदणीची अट आली की आयोगाकडे जाऊन उपयोग नाही, विभागाकडेच जावं लागतं.

---

कार्यासन

राज्य सरकारचे विषय घेतो.

मंत्र्यांना पत्र द्या, हरकत नाही, पण प्रत थेट कार्यासनाला, म्हणजे मंत्रालयात तो विषय हाताळणाऱ्या कक्षाला, द्या. ते कसं ओळखायचं? विषयाशी संबंधित शेवटचा शासन निर्णय काढा. त्याच्या क्रमांकात "प्र.क्र." नंतर तिरक्या रेघेपलीकडे जे लिहिलेलं असतं ते कार्यासन. सामूहिक प्रोत्साहन योजना २०१९ च्या निर्णयावर ते "उद्योग-८" आहे. पत्राच्या संदर्भात तोच क्रमांक टाका, म्हणजे टपाल शाखेत ते भलत्या टेबलावर जात नाही. आवक क्रमांक घेतल्याशिवाय बाहेर पडू नका.

पत्र दोन पानांचं. पहिल्या परिच्छेदात कुठल्या निर्णयाचा कुठला खंड बदलायचा ते. मग सध्याचा मजकूर आणि सुचवलेला मजकूर समोरासमोर. कक्ष अधिकाऱ्याला टिपणी लिहायची असते. तयार वाक्यं मिळाली तर तीच टिपणीत उतरतात, आणि अर्धं काम तिथेच होतं. "योग्य तो निर्णय घ्यावा" लिहिलंत तर तो काय लिहिणार?

नियमांचा मसुदा राजपत्रात आला की त्यात हरकती व सूचनांची अंतिम तारीख असते. मूळ कायद्यात पूर्वप्रसिद्धीची अट असेल तर आलेल्या सूचना विचारात घेणं सरकारला भाग असतं. ती तारीख गेली की राहते ती विनंती. केंद्राच्या मसुद्यांसाठी २०१४ चं विधिपूर्व सल्लामसलत धोरण आहे, त्यात किमान ३० दिवस मसुदा लोकांसमोर ठेवावा असं म्हटलंय. ते पाळलं जातंच असं नाही, पण मुदतवाढ मागताना त्याचा उल्लेख जरूर करावा. बीआयएसचं (भारतीय मानक ब्यूरोचं) प्रमाणन सक्तीचं करणाऱ्या केंद्राच्या गुणवत्ता नियंत्रण आदेशांत तर लहानांसाठी ठरीव जागाच आहे: बऱ्याच आदेशांत लघु घटकांना ३ आणि सूक्ष्म घटकांना ६ महिने जादा मिळतात. आपल्या उत्पादनाच्या मसुद्यात ते वाक्य नसेल तर तेवढंच मागा, आधीच्या दोन आदेशांचे क्रमांक जोडून. नवीन काही मागण्यापेक्षा जे दुसऱ्याला दिलंय ते मागणं सोपं.

रस्ता, दिवे, ड्रेनेज, अतिक्रमण, उपविभागाकडचे मीटरचे अर्ज हे धोरणाचे विषय नाहीत. ते जिल्हा उद्योग मित्र समितीत, म्हणजे आपल्या "झूम"च्या बैठकीत, जिल्हाधिकाऱ्यांपुढे. विषय जिल्हा उद्योग केंद्राच्या महाव्यवस्थापकांकडे बैठकीआधी लेखी द्या, आयत्या वेळी उठून बोललात तर इतिवृत्तात येत नाही. झूममध्ये वीजदर काढू नका, तिथं तो कुणाच्याच हातात नसतो.

दोन महिन्यांत हालचाल नसेल तर माहिती अधिकारात १० रुपयांचा अर्ज. "कार्यवाही काय झाली" असं विचारू नका, उत्तर "प्रक्रियाधीन" येतं. "आवक क्रमांक अमुक या पत्रावर झालेल्या टिपणीची छायांकित प्रत" मागा. टिपणीत कुणी काय शेरा मारलाय ते दिसलं की पुढचं पत्र कुणाला उद्देशून लिहायचं ते कळतं. वित्त विभागानं नकार दिला असेल तर उद्योग विभागाच्या पायऱ्या झिजवून काय होणार?

---

करनोंदी

जीएसटी आणि आयकराचं थोडक्यात.

जीएसटीचा दर जीएसटी परिषदेत ठरतो, पण प्रस्ताव आधी दरांची छाननी करणाऱ्या फिटमेंट समितीतून जातो. तिथं केंद्र-राज्यांचे अधिकारी बसतात. म्हणून राज्य जीएसटी आयुक्तालय आणि राज्याचा वित्त विभाग दोन्हीकडे द्या. नियम किंवा फॉर्मची तक्रार असेल तर ती दराच्या पत्रात घालू नका, तो विधी समितीचा विषय. रोजच्या अडचणींसाठी डिसेंबर २०१९ पासून राज्य पातळीवर तक्रार निवारण समित्या आहेत, त्यांत व्यापारी-उद्योग संघटनांचे प्रतिनिधी असतात. आपल्या भागातून कोण आहे ते शोधा.

तुमच्याकडे बॉक्सवाले आहेत म्हणून त्यांचंच उदाहरण. २२ सप्टेंबर २०२५ पासून कोरुगेटेड बॉक्सवर ५ टक्के, क्राफ्ट पेपरवर १८. समजा १०० रुपयांच्या बॉक्समध्ये ६५ रुपयांचा कागद. कागदावर भरलेला कर ११.७० रु., बॉक्सवर जमा होणारा ५ रु. दर शंभर रुपयांच्या विक्रीला ६.७० अडकतात. परतावा मिळतो, पण नियम ८९(५) च्या सूत्रात फक्त मालावरचा कर धरतात. वाहतूक, जॉबवर्क यांसारख्या सेवांवरचा आणि यंत्रावरचा कर त्यात येत नाही. निवेदनात एचएसएन (वस्तूचा वर्गीकरण क्रमांक), आधीचा आणि आताचा दर, कच्च्या मालाचे दर, दहा घटकांच्या खात्यात साठलेलं क्रेडिट, आणि परताव्याला सरासरी लागलेले दिवस. सनदी लेखापालाकडून हा तक्ता प्रमाणित करून जोडा. "दर कमी करा" म्हणण्याआधी एक विचार करा: बॉक्स १८ वर न्या असं म्हटलं तर मसालेवाले तुमच्यावर उठतील, कागद ५ वर आणा म्हटलं तर महसुलाचा प्रश्न. संघटनेत हे आधी मिटवा.

तसंच आयकर कायदा १९६१ चं कलम ४३बी(एच). सूक्ष्म आणि लघु पुरवठादाराला एमएसएमईडी (सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास) कायद्याच्या कलम १५ मधल्या मुदतीत, लेखी करार नसेल तर १५ दिवस आणि असेल तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत, पैसे दिले नाहीत तर तो खर्च देईल त्या वर्षीच वजा मिळतो. एकाच संघटनेतला फॅब्रिकेटर मोठ्या कंपनीकडून पैसे वसूल करताना या कलमाचं नाव घेतो आणि स्वतःच्या जॉबवर्कवाल्याला ९० दिवस थांबवताना तेच कलम रद्द करा म्हणतो. अशी दोन तोंडांची निवेदनं खाली सह्या बघून लगेच ओळखू येतात.

---

वसाहत_सचिव

फार उपयोगी. दोन शंका. १४० पैकी किती जणांचा डेटा पुरे? आणि २० किलोवॉटच्या आतले सभासद जास्त आहेत, त्यांचं काय?

---

बिलवाचक

२५-३० घटक पुरेत, पण निवडताना सगळ्यात जास्त फटका बसलेलेच घेऊ नका. जोडभाराचे तीन गट पाडा (२० किलोवॉटच्या आत, २० ते १०० आणि त्यावर) आणि प्रत्येकातून एकपाळी, दोनपाळी, तीनपाळी असे घ्या. सलग १२ महिने, नाहीतर "हंगामी महिने निवडले" असं म्हणतील. आयोगापुढचा कागद सार्वजनिक होतो, म्हणून तक्त्यात ग्राहक क्रमांकाऐवजी "घटक १, घटक २" लिहा. मूळ बिलं संघटनेकडे फाइलला, मागितली तर देता येतील.

२० किलोवॉटच्या आतल्यांचा मुद्दा स्थिर आकाराचा ठेवा. मासिक वापर कमी असला की स्थिर आकाराचा भार युनिटमागे किती पडतो ते काढा. ३०० युनिटवाल्याचा आणि ३,००० युनिटवाल्याचा फरक तक्त्यातच दिसेल. हा "एकूण वापर" या निकषात बसतो.

आदेश आला की फाइल बंद करू नका. महावितरणच्या बहुवर्षीय दरांचा आदेश २८ मार्च २०२५ ला आला, २ एप्रिलला त्याला स्थगिती मिळाली, २५ जूनला पुनर्विलोकनात सुधारित आदेश आला आणि १ जुलैपासून नवे दर लागले. मार्चमध्ये समाधान मानून बसलेल्यांना जुलैचं बिल बघून कळलं. आयोगाच्या संकेतस्थळावर त्या प्रकरणाचे रोजचे आदेश बघायचं काम एका माणसाला नेमून द्या. अपील दिल्लीच्या अपिलीय न्यायाधिकरणाकडे, कलम १११, मुदत ४५ दिवस. तिथं शुल्कच एक लाख आहे आणि वकीलही लागतो, तेव्हा ते चार-पाच संघटनांनी मिळून करायचं काम. नियंत्रण कालावधी, म्हणजे हे बहुवर्षीय दर ज्या वर्षांसाठी ठरवले तो काळ, २०२९-३० पर्यंत आहे, मध्ये मध्यावधी आढावा येईल. एमआरआय डेटा मागायला आत्तापासूनच लागा, मीटरमध्ये जुनं लोड प्रोफाइल कायम राहत नाही.